हेड्रियन वॉल सहल: आपल्या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियन वॉलच्या, म्हणजे रोमनांनी बांधलेल्या लांबलचक भिंतीच्या, सहलीत आपल्याला आणि काकूंना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. काकूंचे गुडघे अजून दुखतायत हे वाचून फार वाईट वाटलं. पार्किंगपासून भिंतीवरच्या हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यापर्यंत अर्धा मैल चढ आहे. बुकिंगच्या मेसेजमध्ये तो लिहिलेला असतो, पुढे फोनवरही सांगत जाऊ.

पण "किल्ल्यावर जेमतेम पाऊण तास दिला आणि हाकलत बाहेर काढलं" हे मनाला लागलं. न्यूकॅसल स्टेशनवरून नऊला निघायचं ठरलं होतं. आपण आलात पावणेदहाला. बाकीची मंडळी व्हॅनमध्ये बसून होती, कुणी चकार शब्द काढला नाही. विंडोलांडाच्या रोमन किल्ल्यात काकू रमल्या. लाकडाच्या पातळ पट्टीवर शाईने लिहिलेलं, कुणाला तरी मोजे आणि चड्ड्या पाठवल्याचं रोमन काळातलं पत्र तिथे सापडलं, ते ऐकून त्या किती हसल्या! त्यांना मी एकदाही घाई केली नाही. मग आपण सिकॅमोर गॅपचा आग्रह धरलात. भिंतीलगतच्या त्या खिंडीतलं प्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये रातोरात कापलं गेलं, आता बुंधाच उरलाय, हे मी आधीच सांगितलं होतं. कार्यक्रमात नसताना, जास्तीचा एक पाउंडही न घेता तिकडे नेलं. स्टील रिगच्या पार्किंगपासून चालत जाऊन-येऊन, फोटो काढून तासाच्या वर गेला. हाउसस्टेड्सच्या दारात पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते आणि साइट पाचला बंद होणार होती. ते कुलूप माझ्या हातात नाही हो.

"गुडघाभर दगडांचे पैसे घेतात" असंही आपण लिहिलंत. भिंतीचं काम इसवी सन १२२ मध्ये सुरू झालं. नंतर शेकडो वर्षं लोकांनी तिचे चिरे काढून घरं, चर्चं, रस्ते बांधले. तरी हाउसस्टेड्सला धान्यकोठाराच्या जमिनीखालचे बुटके दगडी खांब अजून रांगेने उभे आहेत. खालून वारा खेळावा, धान्याला ओल लागू नये म्हणून. सुमारे आठशे सैनिकांच्या शौचालयातला पाण्याचा दगडी पाटसुद्धा शाबूत आहे. मी हे दाखवत होतो तेव्हा आपण फोनवर होतात.

आमची एकच व्हॅन आहे, ती मी आणि बायको चालवतो. मुलांकडे राहायला आलेले पुण्या-मुंबईचे आईवडील हेच आमचे बहुतेक पाहुणे, आणि ते असे रिव्ह्यू वाचूनच ठरवतात. म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका.

हाउसस्टेड्स सकाळीच उरकता येतं का ते बघतोय, वेळेचंही काहीतरी पक्कं करू. काकूंना पुन्हा यावंसं वाटलं तर त्यांच्या सीटचे पैसे घेणार नाही.