मोरीला बोळा

आमच्या सोसायटीत माझ्या नवऱ्याबद्दल दोन वर्षं एक गैरसमज होता आणि तो पसरवण्यात माझा काही हात नव्हता. डोळे होते. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, कचऱ्याच्या डब्यापाशी, मी जिथे दिसेन तिथे माझे डोळे भरलेले. हातात रुमाल, पापण्या लाल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा मला पार्किंगमध्ये गाठलं, हातावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना गं?"

"काही नाही हो काकू, डोळे कोरडे पडलेत," मी म्हटलं. ते म्हणतानाच डाव्या डोळ्यातला टपोरा थेंब त्यांच्या मनगटावर पडला. काकूंनी "कळलं हो मला" अशी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ह्यांना जिन्यात कुणी गुड मॉर्निंग म्हणेना.

आता कोरड्या डोळ्यांतून पाणी कसं येतं, हे काकूंना काय, मलाही कळत नव्हतं. सकाळी डोळा उघडला की पापणीच्या आत कुणीतरी पोळपाटावर वाळू लाटतंय असं वाटायचं. आम्ही घोडबंदर रोडला, मानपाड्याला राहतो. मेट्रोचे खांब उभे राहायला लागले तेव्हापासून खिडकीत सकाळी पुसलेलं संध्याकाळी पुन्हा पुसावं लागतं. तिथून रिक्षाने ठाणे स्टेशन, मग ऐरोलीची लोकल, आणि ऐरोलीच्या ऑफिसात माझ्या डोक्यावर बरोब्बर एसीचं तोंड. त्याखाली बसून दिवसाचे नऊ तास एक्सेलच्या रकान्यांकडे बघायचं. वय 51. म्हणजे शरीरातल्या ज्या ज्या गोष्टी आटायच्या, त्या आटायला लागलेल्याच. तलावांच्या शहरात राहून माझ्या डोळ्यांत मात्र दुष्काळ.

सासूबाईंनी आधी घरचे इलाज केले. रात्री काशाच्या वाटीने तळपायांना तूप घासून झालं. गुलाबपाणी झालं. त्यांच्या माहेरचं काजळ घालून झालं, तेव्हा मी ऑफिसात दशावतारातल्या राक्षसासारखी दिसले. शेवटी ह्यांनीच मला नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बदनामी त्यांची होत होती ना.

बाईंनी खालच्या पापणीत कागदाची एकेक अरुंद पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं बसायला सांगितलं. ही शिर्मरची चाचणी. ओटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ती 1903 साली काढली. डोळ्यांतून कागद लोंबताना मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि समोरचं एक लहान मूल आईच्या पदराआड लपत होतं. पट्टीवर 35 मिलिमीटरपर्यंत खुणा असतात. 35 हा आकडा वाचला आणि मला उगाच धीर आला, आपल्याकडे 35 म्हणजे पास. बाईंनी पट्ट्या काढून उजेडात धरल्या.

"उजवा चार, डावा तीन."

"35 पैकी?"

"दहाच्या वर हवं होतं," त्या म्हणाल्या. दहावीत गणितात सुद्धा माझी इतकी शोभा झाली नव्हती.

मग त्यांनी डोळ्यात पिवळा रंग घालून बघितला. पापणी मिटून उघडल्यावर पाण्याचा थर निदान दहा सेकंद टिकायला हवा, माझा चार सेकंदांत फाटत होता. डोळा असा उघडा पडला की तो घाबरून वरून बादलीभर पाणी ओततो. ते नुसतं पाणी. ते ठरत नाही, गालावरून निघून जातं. आणि काकूंच्या मनगटावर पडतं.

लगेच मोठा इलाज नाही, असं बाईंनी बजावलं. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांच्या तोंडाशी माझं तेल थिजलं होतं. "तूप थिजतं ना हिवाळ्यात, तसं. रोज दहा मिनिटं गरम फडक्याने शेका. पापण्या सुजलेल्या असताना मी पाणी अडवून धरलं, तर तेच खराब पाणी डोळ्यात साचून राहील." सासूबाईंना 'तूप' आणि 'शेक' हे दोनच शब्द ऐकू आले. तिथपासून त्या बाई त्यांच्या पक्षातल्या झाल्या.

सहा आठवडे शेकलं. दर तासाला थेंब घातले. स्क्रीनपुढे माणूस पापण्या मिटायचंच विसरतो, म्हणून मॉनिटरला 'मिट' अशी चिठ्ठी चिकटवली. साहेबांनी ती वाचून "हे मला उद्देशून आहे का?" असं विचारलं. फरक पडला, पण रुपयात चार आणे.

तेव्हा बाईंनी माझ्या घरचीच उपमा काढली. "तुमचा नळ बारीक आहे. त्यातून येतं ते थोडंसं पाणीही मोरीतून निघून जातं. आपण मोरीला बोळा घालू."

दिवाळीत बाथरूम धुताना मोरीला फडक्याचा बोळा घालून पाणी तुंबवणं मला ठाऊक होतं. पण डोळ्याला मोरी असते हे 51 वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. असते. एक नाही, चार. प्रत्येक पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढं एकेक भोक, तिथून नळी, आणि नळी उतरते थेट नाकात. म्हणून रडलं की नाक गळतं. म्हणून डोळ्यात औषध घातलं की पाच मिनिटांनी घसा कडू होतो. मी इतकी वर्षं समजत होते की औषध चुकून तोंडात जातंय.

मोरीच म्हटल्यावर हे एकदम खुलले. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात दिवसाआड टँकर येतो आणि हे पाणी समितीवर आहेत. घरी येऊन त्यांनी फोनवर तासभर शोधाशोध केली. सिलिकॉनचे हे बोळे फ्रीमन नावाच्या डॉक्टरांनी 1975 साली पुढे आणले, हे मला जेवताना सांगितलं. "बघ, आवक वाढवता येत नसेल तर जावक बंद करायची. हेच मी मीटिंगमध्ये ओरडून सांगतो, पण ऐकतो कोण?" माझ्या डोळ्यांनी त्यांचा ठराव एकमताने मंजूर केला होता.

आधी तात्पुरते बोळे बसवले, काही दिवसांत आपोआप विरघळणारे. भाडेकरू कसा वागतो ते बघून मग घर विकायचं, तसं. ते बरे वागले. मग सिलिकॉनचे पक्के.

बाईंनी ते माझ्या हातावर ठेवून दाखवले. तिळाहून लहान. बारकाईने बघितलं तर थेट नाकातली चमकी! वर चपटी टोपी, मध्ये बारीक मान, खाली फुगीर टोक. मी श्वास रोखला, कारण श्वास सोडला असता तर दोन्ही बोळे समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांत जाऊन बसले असते. मशीनवर हनुवटी टेकवली. बधिर करणारा थेंब पडला. बाईंनी भोकाचं माप घेतलं, "सहा" म्हणाल्या. म्हणजे 0.6 मिलिमीटर. माझ्या अंगावरचं कुठलंही माप इतकं नाजूक असेल असं मला वाटलं नव्हतं. "वर बघा, वर, अजून वर," आणि कोपऱ्यात किंचित दाब. कानाच्या बुजलेल्या भोकात बाळी घालताना सोनार देतो तेवढाही नाही. दोन्ही डोळे मिळून पाच मिनिटं. मी ऐरोलीला अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ती राममारुती रोडवर चपला बघण्यात सत्कारणी लावली.

पहिले दोन दिवस कोपऱ्यात काहीतरी टोचतंय असं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडला आणि वाळू नव्हती. पापणी नुसती वर गेली, आवाज न करता, बिजागरीला तेल पाजलेल्या दारासारखी. थेंब घातले तर घसाही फारसा कडू झाला नाही. मी उगाच पाच-सहा वेळा डोळे मिटून उघडले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, डोळे काय मारतेस माझ्याकडे बघून?"

बोळ्यांची परीक्षा म्हणून ह्यांनी मला मामलेदारची तिखट मिसळ खायला नेलं. रस्सा घशाखाली उतरल्यावर ज्यांना बाहेर पडायचं होतं ते अश्रू आले, दारं बंद बघून काठावर थबकले आणि शहाण्यासारखे गालावरून ओघळले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी ह्यांच्याकडे रागाने बघितलं. पण तिथे सगळेच रडत असतात, त्यामुळे निभावलं.

सोसायटीत मात्र क्रांती झाली. महिनाभर कुणी माझे डोळे भरलेले बघितले नाहीत. काकूंनी लिफ्टमध्ये माझ्या पाठीवर हात फिरवला, "सुधारले हो शेवटी. देवाने ऐकलं." गणपतीत आरतीचं ताट ह्यांच्या हातात दिलं गेलं. पाणी समितीत त्यांचा जावकबंदीचा ठराव पास झाला.

आणि एका रविवारी दुपारी, झोपेतून उठताना मी डोळा खसकन चोळला. चोळायचा नसतो हे बाईंनी तीन वेळा सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत डावा डोळा टोचायला लागला. आरशात बघितलं, चमकी गायब. ह्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून उशी, चादर, गादीखालचा कोपरा, सगळं पालथं घातलं. साबुदाण्याचे दोन दाणे आणि हरवलेलं बटण मिळालं, बोळा नाही. ही भानगड होते म्हणे, मोठ्या मापाचा बसवतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघेपर्यंत डावा डोळा पूर्वीसारखा घळाघळा सुरू झाला होता.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. काकू आत आल्या. माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. आमचा महिन्याभराचा संसार त्यांच्या चेहऱ्यावर कोसळताना मला दिसला.

"तसं काही नाही हो काकू," हे घाईघाईने म्हणाले, "तिचा बोळा निघालाय."

काकूंना तळमजल्याला जायचं होतं. त्या दुसऱ्यावरच उतरल्या.