रेसमध्ये ‘कधीच न हरण्याचे’ सहा नियम आणि त्यांचं वजन

पुण्याचा रेसचा सीझन आवरून मुंबईत महालक्ष्मीचा सुरू होण्याच्या सुमारास एक मेसेज फिरायला लागतो. ‘घोड्यांची रेस हा जुगार नाही, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. हे सहा नियम पाळा, कधीच हरणार नाही.’ खाली नियम: सगळ्यांत कमी वजनाचा घोडा घ्या, मागची रेस मोठ्या अंतराने मारलेला सोडू नका, एक नंबरचा गेट (घोडा सुटतो तो कप्पा) बघा, टॉप जॉकी बघा, भाव (जिंकल्यास शंभराला किती मिळणार तो) उतरला की तबेल्याचे पैसे आलेत असं समजा, आणि तरीही हरलात तर पुढच्या फेवरिटवर, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्यावर, दुप्पट लावा. पुढे चार नमस्काराचे हात आणि कुठल्याशा चॅनेलची लिंक.

आधी कोर्टाचं. निकाल खरा आहे. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य, 1996. पण तो खटला मद्रास रेस क्लबच्या संदर्भात होता आणि प्रश्न असा होता, की रेसवर पैसे लावणं कायद्याच्या भाषेत जुगार ठरतं का. घोड्याचा वंश, दम, तयारी, जॉकीचा हात यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, म्हणून हा कौशल्याचा खेळ, असं कोर्ट म्हणालं. अंदाज बांधणाऱ्याला पैसे सुटतात, असं म्हणालं नाही. बुद्धिबळही कौशल्याचंच आहे, म्हणून समोर बसलेला प्रत्येक जण जिंकत नाही.

आता वजन. या नियमाला सर्वांत जास्त लोक फसतात, कारण ऐकायला तो एकदम पटतो. पाठीवर ओझं कमी, मग घोडा जोरात जाणारच की! पण ते ओझं कमी का, हे मेसेज सांगत नाही. हँडिकॅप रेसमध्ये प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं आणि आपल्याकडे एका रेटिंग पॉइंटला अर्धा किलो वजन धरतात. म्हणजे 60 रेटिंगचा घोडा 50 वाल्यापेक्षा पाच किलो जास्त घेऊन पळणार. हलक्या घोड्याला वजन कमी मिळालं, ते तो कमी दमाचा आहे म्हणूनच. सगळे एका रेषेत पोहोचावेत, हाच हँडिकॅपरचा हेतू. जॉकी अंगाने हलका असला, तर खोगिराच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालून ठरलेलं वजन भरतात. रेसच्या आधी आणि नंतर खोगिरासकट त्याला काट्यावर उभं राहावं लागतं. त्यातून सुटका नाही.

उलट रेसबुक, म्हणजे रेसच्या घोड्यांची माहितीपुस्तिका, नीट वाचणारा माणूस वरच्या टोकाकडे आधी बघतो. वरच्या क्लासमध्ये (रेटिंगनुसार पाडलेल्या गटात) मार खाऊन रेटिंग घसरलेला घोडा खालच्या क्लासमध्ये उतरतो, तेव्हा तिथलं टॉप वेट, म्हणजे सर्वांत जास्त वजन, बहुधा त्याच्याच पाठीवर येतं. आणि पुष्कळदा तोच रेस मारून जातो, कारण समोरची मंडळी त्याच्या तोडीची नसतात. तळाच्या घोड्याचं वजन काही वेळा ॲप्रेंटिसच्या सवलतीमुळे आणखी कमी झालेलं असतं. शिकाऊ पोरगा वर बसतो म्हणून ती सूट. म्हणजे दोन किलो वाचवून आपण अनुभव गमावला. हा सौदा कधी फायद्याचा ठरतो, कधी नाही. वजनात खरं बघायचं ते बदलाकडे: याच प्रतिस्पर्ध्यांशी गेल्या वेळी किती फरक होता, आता किती आहे. डर्बीसारख्या क्लासिकमध्ये, म्हणजे मानाच्या रेसमध्ये, तर हँडिकॅप नसतोच. सगळ्यांना सारखं वजन, घोडींना थोडी सवलत. तिथे या नियमाचं काय करायचं, हे मेसेज लिहिणाऱ्यालाच विचारा.

‘मागची रेस पाच लेंग्थने (म्हणजे पाच घोड्यांच्या लांबीने) मारली’ याला थोडी किंमत आहे, नाही असं नाही. फॉर्म ही खरी गोष्ट. पण कुठली रेस, कुठल्या पल्ल्याची, कुठल्या मातीवर? पुण्याचा सीझन भर पावसाळ्यात चालतो, ट्रॅक मऊ, कधी चक्क चिखल. तोच घोडा नोव्हेंबर-डिसेंबरात महालक्ष्मीच्या टणक हिरवळीवर उतरला की गडी वेगळा दिसू शकतो. ट्रॅक किती मऊ ते पेनेट्रोमीटरने मोजून जाहीर करतात, तो आकडा बघायला पैसे पडत नाहीत. पल्ल्याचंही तसंच. डिसेंबरातली इंडियन 2000 गिनीज 1600 मीटरची आणि फेब्रुवारीतली डर्बी 2400 ची. मधल्या 800 मीटरमध्ये भलेभले बसतात. शिवाय जिंकलेल्या घोड्याचं रेटिंग वाढतं, म्हणजे पुढच्या वेळी तोच विजय जास्त वजनाने कमवायचा.

आणि घोडा यंत्र नव्हे. अमेरिकेच्या सेक्रेटेरियटने 9 जून 1973 ला बेलमाँट स्टेक्स 31 लेंग्थने मारली, पाचाने नव्हे. दोन महिन्यांच्या आत साराटोगाला व्हिटनी नावाच्या रेसमध्ये ओनियन नावाच्या घोड्याने त्याला हरवलं. पुढे कळलं की त्याला बारीक ताप होता. रेसबुकात ताप छापत नाहीत.

गेटचा नियम एका दमात उरकतो. महालक्ष्मीला घोडे उजव्या हाताला वळतात, म्हणून आतल्या गेटला वळणावर अंतर वाचतं, हे खरं. पण सुटताना चुकलेला घोडा रेलिंगला कोंडला की त्याच आतल्या गेटचा पिंजरा होतो. आणि मेसेज वाचून लोक भलताच ‘एक नंबर’ धरतात, तो वेगळाच विनोद. हँडिकॅपमध्ये घोड्याच्या झुलीवरचा नंबर वजनाच्या उतरत्या क्रमाने असतो. एक नंबर म्हणजे टॉप वेट. गेट वेगळ्या सोडतीने ठरतो. म्हणजे पहिला नियम तळाचा घोडा घ्या म्हणतो आणि तिसरा नियम चुकून टॉपचा घ्यायला लावतो.

जॉकी. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ इंडियन डर्बी मारल्या. चांगल्या हाताचा फरक पडतो, यात वादच नाही. पण हे तुम्हाला जसं माहीत, तसं रिंगमधल्या प्रत्येक बुकीलाही माहीत, आणि भाव त्याच हिशेबाने आधीच खाली लागलेला असतो. एकाच ट्रेनरचे दोन घोडे पळत असतील आणि मोठ्या जॉकीला निवड मिळाली असेल, तर त्याने कोणता सोडला हे बघण्यासारखं. तरी सोडलेला घोडा जिंकला, असंही होत राहतं.

तबेल्याची खबर. भाव उतरला याचा अर्थ एवढाच, की त्या घोड्यावर पैसे पडले. ते मालकाचे, की हाच मेसेज वाचलेल्या पाचशे जणांचे, हे भावावर लिहिलेलं नसतं. खबर खरी असली तरी तुमच्यापर्यंत येईतो चांगला भाव संपलेला असतो. टोटवर, म्हणजे क्लबच्या सामाईक गल्ल्यावर, तर एकच रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते, जितके वाटेकरी तितका डिव्हिडंड बारीक. त्या लिंकवाल्या चॅनेलचं गणित याहून सोपं असू शकतं. रेसमध्ये आठ घोडे, यादीत आठशे माणसं. शंभर-शंभर जणांना एकेक घोडा ‘पक्का’ म्हणून पाठवला, की शंभर जणांना तो देव वाटतो. स्क्रीनशॉट त्यांचेच फिरतात. उरलेले सातशे गप्प बसतात.

आता तो दुप्पट लावण्याचा नियम. जगात बहुतेक ठिकाणी फेवरिट साधारण तीन रेसमागे एक जिंकतो. म्हणजे ओळीने आठ फेवरिट पडण्याची वेळ साधारण पंचवीस फेऱ्यांत एकदा येते. शंभरापासून दुप्पट करत गेलात, तर आठव्या पराभवापर्यंत 25,500 गेले आणि नववी बेट 25,600 ची.

पण आठव्यापर्यंत जायची गरजच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून रेसच्या बेटवर जीएसटी 40 टक्के आहे, त्याआधी 28 होता, आणि तो लावलेल्या पूर्ण रकमेवर लागतो, नफ्यावर नव्हे. शंभराची बेट खिशाला 140 ला पडते. पहिली हरलात, 140 गेले. दुसरी दोनशेची, तिला 280. फेवरिट शंभराला शंभर या भावाने जिंकला, तुम्हाला 400 मिळाले. घातले होते 420. नियम तंतोतंत पाळला, घोडा जिंकला, आणि वीस रुपये गेले. नवव्या बेटला जिंकलात तर घातलेले 71,540 आणि परत आलेले 51,200. भाव दुपटीचा असेल तर काही वेळ निभावतं, पण भाव मोठा असतो तो घोडा पडण्याची शक्यता जास्त म्हणूनच. आणि शंभराला चाळीस भावाचा ‘पक्का’ फेवरिट पहिल्याच फटक्यात जिंकला, तरी 140 देऊन 140 च घरी येतात.

याउपर मोठी रक्कम जिंकलीच, तर प्राप्तिकर 30 टक्क्यांनी, आणि त्यातून आधी हरलेल्या पैशांची वजावट मिळत नाही.