बद्रचे कैदी आणि खदीजांचा हार

इस्लामच्या सुरुवातीच्या काळाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "तिथे श्रद्धेपुढे रक्ताचं नातं उरलंच नाही." काही जण हे अभिमानाने सांगतात, काही नाक मुरडून. दाखले मात्र दोघांचेही तेच. मदीनेचे मुसलमान आणि मक्केवाले यांच्यातल्या बद्रच्या लढाईनंतर पैगंबरांचे सोबती मुसअब बिन उमैर यांनी स्वतःच्या सख्ख्या भावाला कैद झालेलं पाहिलं आणि पकडणाऱ्याला सांगितलं, याला नीट बांध, याची आई पैसेवाली आहे. किंवा तेव्हा मुसलमान नसलेले मक्केचे सरदार अबू सुफियान मदीनेत लेकीकडे, म्हणजे पैगंबरांच्या पत्नी उम्म हबीबांकडे गेले, तेव्हा त्यांनी वडील बसायच्या आत पैगंबरांचं अंथरूण गुंडाळून बाजूला केलं.

या गोष्टी परंपरेत आहेत, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार निवडीबद्दल आहे. त्याच बद्रमधून निघालेली अबुल आस आणि हजरत झैनब यांची गोष्ट या वाक्यात काही केल्या बसत नाही, म्हणून ती फारशी कुणी सांगत नाही.

झैनब पैगंबरांची थोरली लेक. अबुल आस हे झैनबच्या आई हजरत खदीजांच्या बहिणीचे, हालांचे चिरंजीव, म्हणजे झैनबचे मावसभाऊ. लग्न झालं ते पैगंबरपदाच्या आधी. पुढे कुरैशांनी, म्हणजे मक्केतल्या प्रमुख टोळीने, अबुल आसवर दबाव आणला: मुहम्मदच्या लेकीला सोड, हवी ती मुलगी मिळवून देतो. असाच दबाव आल्यावर चुलते अबू लहब यांच्या मुलांनी पैगंबरांच्या दुसऱ्या दोन लेकींशी असलेलं नातं तोडलं होतं. अबुल आसनी ऐकलं नाही. त्यांनी इस्लामही स्वीकारला नाही आणि बायकोही सोडली नाही. 622 मध्ये पैगंबर मदीनेला गेले, झैनब मात्र मक्केतच, नवऱ्याच्या घरी राहिल्या.

624 मध्ये बद्र. नवरा मक्केच्या सैन्यात, वडील समोर. आणि हे एकच घर नव्हतं. पैगंबरांचे चुलते अब्बास, अलींचे सख्खे भाऊ अकील, अबू बक्र यांचे चिरंजीव अब्दुर्रहमान, सगळे मक्केच्या बाजूने उतरले होते. मक्केचे सुमारे 70 जण मारले गेले, तितकेच कैद झाले. कैद्यांमध्ये अबुल आस.

मक्केहून सुटकेच्या रकमा येऊ लागल्या. झैनबनी पाठवलेल्या ऐवजात एक हार होता. खदीजांनी लेकीला लग्नात घातलेला. खदीजा तोवर वारल्या होत्या. हार पाहून पैगंबरांना भरून आलं. तरी त्यांनी स्वतःच्या अधिकारात जावयाला सोडलं नाही. सोबत्यांना म्हणाले, तुम्हाला योग्य वाटत असेल तर तिचा कैदी सोडा आणि तिचा ऐवज तिला परत करा. सोबत्यांनी तसं केलं. अट एकच, झैनबना मदीनेला पाठवायचं. अबुल आसनी शब्द पाळला.

झैनब मक्केतून निघाल्या तेव्हा कुरैशांच्या काही लोकांनी वाट अडवली. हब्बार नावाच्या माणसाने भाला रोखला, त्या घाबरल्या आणि त्यांचा गर्भपात झाला. दीर किनाना सोबत होता, तो धनुष्य काढून उभा राहिला. मग आले अबू सुफियान, अंथरुणाच्या गोष्टीतले तेच. बद्रमध्ये त्यांचा एक मुलगा मारला गेला होता. ते किनानाला म्हणाले, भरदिवसा नेलंस तर आमची नाचक्की होते. आत्ता परत ने, बोलणं थंडावलं की रात्री गुपचूप पोहोचव. शत्रूच्या लेकीला अडकवून ठेवण्याची आम्हाला गरज नाही. या माणसाबद्दल मला जरा जास्तच कुतूहल आहे, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

काही वर्षांनी अबुल आस शामहून (सीरियाकडून) व्यापार करून परतत असताना मुसलमानांच्या तुकडीने माल धरला. ते निसटले आणि रात्री मदीनेत थेट झैनबकडे आश्रयाला गेले. पहाटेच्या नमाजच्या वेळी बायकांच्या रांगेतून झैनबनी मोठ्याने जाहीर केलं: मी अबुल आसला अभय दिलंय. नमाज संपल्यावर पैगंबर लोकांना म्हणाले, तुम्ही ऐकलंत तेच मीही आत्ताच ऐकलं. अभय मान्य झालं. लेकीला मात्र बजावलं, त्याचा पाहुणचार नीट कर, पण तो तुला नवरा म्हणून वैध नाही.

इथे मला "प्रेमाने सगळं जिंकलं" म्हणणारेही पटत नाहीत. झैनबनी श्रद्धेत तसूभर तडजोड केली नाही. आईचा हार द्यायला आणि भर मशिदीत जबाबदारी घ्यायला मात्र त्या कचरल्या नाहीत. कुराणातल्या सूरह लुकमानमध्ये हीच रेघ आखलेली दिसते: आईवडील अनेकेश्वरवादाचा आग्रह धरू लागले तर ऐकू नका, पण या जगात त्यांच्याशी चांगलंच वागा. वाक्याचा पहिला अर्धा भाग उचलून दुसरा गाळणारे दोन्हीकडे भेटतात.

माल परत मिळाला, अगदी दोरखंड आणि पखालींसकट. अबुल आस मक्केला गेले, ज्याचं त्याला देऊन टाकलं, कुणाचं काही राहिलंय का विचारलं. नाही म्हटल्यावर तिथेच, कुरैशांच्या समोर, इस्लाम स्वीकारल्याचं सांगितलं. मदीनेत असतानाच का नाही सांगितलं? तुमचा माल गिळायला धर्म बदलला असं तुम्हाला वाटलं असतं, म्हणून.

मग ते मदीनेला झैनबकडे परतले. पुन्हा निकाह झाला की जुनाच कायम धरला, यावर रिवायतींमध्ये, म्हणजे परंपरेतल्या कथनांमध्ये, मतभेद आहेत.