पोटहिस्सा

शनिवारी साडेपाचशे रुपये मोजून वायफायचा डोंगल आणला. लावला की लॅपटॉप ‘टुडुंग’ करतो, म्हणजे कोणीतरी आलंय एवढं त्याला कळतं. कोण आलंय ते कळत नाही. पिवळा त्रिकोण, कोड २८, ड्रायव्हर (वस्तू चालवायला लागणारा प्रोग्राम) नाही. सोबत तळहाताएवढी सीडी होती. आजकालच्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतो, हे कंपनी सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. साइटवरचा ड्रायव्हर उतरवला, तोही ओळख देईना.

गेलो दुकानात.

“हा व्ही-टू आहे. तुम्ही व्ही-वनचा ड्रायव्हर टाकलात. आतली चिप वेगळी.”

“नाव तर तेच आहे!”

“नाव तेच असतं हो.”

“मग परत घ्या.”

“बॉक्स फोडलाय.”

व्ही-टू छापलंय डोंगलच्या पोटावर आणि डोंगल बॉक्सच्या पोटात. न फोडता वाचायचं कसं?

शेजारच्या स्टुलावर एक काका प्रिंटरचं कार्ट्रिज भरून मिळायची वाट बघत होते. “मी निवृत्त तलाठी,” त्यांनी न विचारता सांगितलं. “नावावर जाऊ नका. गट नंबर काढा.”

दुकानदाराला काकांची सवय असावी. त्याने मुकाट्याने डोंगल आपल्या कॉम्प्युटरला लावून हार्डवेअर आयडी, म्हणजे वस्तूचा ओळख नंबर, उघडला.

“पहिला आकडा कशाचा?” काकांनी चष्मा चढवला.

“व्हीआयडी. कंपनीचा.”

“म्हणजे गाव. दुसरा?”

“पीआयडी. वस्तूचा.”

“गट नंबर. आणि हे आरईव्ही?”

“आवृत्ती.”

“पोटहिस्सा!” काका स्टुलावरून उठलेच. “आणि तुमचा तो ड्रायव्हर?”

“त्याच्या आयएनएफ फाइलीत नंबरांची यादी असते. विंडोज आधी पोटहिस्स्यासकट जुळवतं, नाहीच जुळलं तर नुसत्या गटावर.” दुकानदारही आता तलाठ्याच्या भाषेत बोलायला लागला होता.

“मग साहेब, तुमचा गटच बदललाय. तुम्ही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर पेरणी करायला निघालात.”

दुकानातली चार माणसं हसली. त्यातली दोन तर नुसती झेरॉक्सला आली होती.

इंटेल स्वतःच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचा आकडा, ८०८६, कॉम्प्युटरच्या आत जोडलेल्या पीसीआय उपकरणांवर कंपनी नंबर म्हणून मिरवते. हौस असावी तर अशी. आमच्या डोंगलवाल्यांनी दुसरीच चिप घातली, तेव्हा नंबर मात्र इमानदारीत बदलला, कारण तो तसाच ठेवला तर जुना ड्रायव्हर नव्या चिपवर चढून बसेल. विंडोजची फसगत होऊ नये म्हणून केवढी ही काळजी! मी गिऱ्हाईक, तर मला खोक्यावर तेच नाव, तोच फोटो, तीच किंमत. साडेपाचशे रुपये विंडोजने दिले होते का?

शेवटी दुकानदाराने पेनड्राइव्हवर व्ही-टूचा ड्रायव्हर दिला आणि पेनड्राइव्हचे अडीचशे लावले. मी घासाघीस करू लागलो, पण काकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. एक मुलगी चार्जर बदलायला आली होती आणि ते तिला विचारत होते, “गाव कुठलं याचं?”