सेमी-ऑटो बंदुकीला बफर: फिरत असलेल्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही महिने साताऱ्यापासून शिराळ्यापर्यंत बंदूकवाल्यांच्या फोनवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: सेमी-ऑटो (बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) बारा बोर बंदुकीच्या रिसिव्हरमध्ये, म्हणजे मधल्या लोखंडी घरात, बोल्टच्या (काडतूस चढवायला मागे-पुढे सरकणाऱ्या ठोकळ्याच्या) मागे बफर म्हणून रबराची किंवा पीयूची (पॉलियुरेथेनची) चकती टाका. धक्का निम्मा होतो. चकती नसेल तर रिसिव्हरला तडा जातो. तोफेलासुद्धा बफर असतो, मग बंदुकीला का नको? चकती कुठल्याही बंदुकीत चालते आणि जितकी जाड तितकी चांगली.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो. हा मेसेज वाचून लोक बंदुकी उघडायला लागलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

"धक्का निम्मा होतो." नाही होत. काडतूस उडालं की छरे, वॅड (छऱ्यांमागचं बूच) आणि वायू पुढे जातात आणि तितक्याच संवेगानं बंदूक मागे येते. 24 ग्रॅम छऱ्याचं काडतूस सेकंदाला 400 मीटरनं गेलं, तर 3.2 किलोची बंदूक सेकंदाला साधारण 3.6 मीटरनं मागे येते, म्हणजे सुमारे 21 ज्यूल. हा हिशेब छरे नळीबाहेर पडले तेव्हाच पूर्ण झालेला असतो. बोल्ट मागे जाऊन आपटतो तो त्यानंतर. चकती मऊ करते ती ही मागाहूनची टक्कर. खांद्याला हा दुसरा, छोटा ठोसा थोडा बोथट लागेल हे मी मान्य करतो, पण निम्मा धक्का म्हणजे गणितच चुकलं. खरंच निम्म्याच्या जवळ जायचं असेल तर काडतूस बदला. त्याच बंदुकीत त्याच वेगाचं 32 ग्रॅमचं काडतूस सुमारे 35 ज्यूल देतं. 24 वर आलात की खांद्यालाच कळेल. दस्ता मापाचा असणं आणि बटाला चांगला पॅड असणं यानंही पुष्कळ फरक पडतो.

"तोफेला बफर असतो." असतो, आणि त्यातच उत्तर आहे. फ्रेंचांच्या 1897 सालच्या 75 मिलिमीटर तोफेत नळी तेल-हवेच्या यंत्रणेवर मीटरभराहून जास्त मागे सरकायची. धक्का सौम्य होतो तो अंतरामुळे, जास्त वेळ खाल्ल्यामुळे. सहा मिलिमीटरच्या चकतीत अंतर कुठलं आणायचं?

आता रिसिव्हरला तडा जाण्याबद्दल. इथे मात्र थांबायला हवं, कारण भीती खरी आहे आणि उपाय चुकीचा. बोल्ट रिसिव्हरवर जोरात आपटतो हे खरं, पण तो का आपटतो हे कुणी विचारत नाही. गॅसवर, म्हणजे काडतुसाच्या वायूच्या जोरावर बोल्ट मागे ढकलणाऱ्या बंदुकीत बहुतेक वेळा परतीची स्प्रिंग मेलेली असते. रेमिंग्टन 1100 सारख्या बंदुकीत ती दस्त्याच्या आत नळीत असते, कुणाला दिसत नाही, कुणी काढत नाही. आपल्याकडे निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा होते, मग पावसाळा, मग तीच गंजलेली स्प्रिंग. ती बदला, नळी पुसून हलकं तेल द्या. चकतीपेक्षा आधी हे.

जुन्या ब्राउनिंग ऑटो-5 ची गोष्ट तर वेगळीच. आजोबांच्या परवान्यावरून वारसानं आलेली ही बंदूक अजून काही घरांत आहे. तिच्यात नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र मागे येतात, आणि त्यांना आवरायला मॅगझिनच्या नळीवर स्प्रिंग, पितळी ब्रेक आणि एक पोलादी रिंग असते. जड काडतुसाला ती रिंग स्प्रिंगच्या पुढे, तिचा उतार पितळेकडे. हलक्या काडतुसाला ती स्प्रिंगच्या मागे, रिसिव्हरला टेकून. हलक्याची मांडणी ठेवून जड काडतुसं मारली की ब्रेक पुरेसा लागत नाही, सगळं लोखंड धाडकन मागे येतं आणि पुढचं लाकूड चिरतं. शिवाय जुन्यांपैकी काहींचं चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) 65 मिलिमीटरचं आहे. त्यात 70 चं काडतूस घालू नका, आधी तपासून घ्या.

शिराळ्याच्या एका शेतकऱ्यानं गेल्या हिवाळ्यात मला फोन केला. "मेजर, मेसेज वाचून रबर टाकलं, तवापास्नं दुसरं काडतूसच चढंना." त्याची बंदूक ऑटो-5च होती. उघडली. कंपनीनं रिसिव्हरच्या मागे बसवलेला फायबरचा मूळ पॅड जागेवरच होता, आणि त्याच्यावर ट्यूबचं रबर दुहेरी करून चिकटवलेलं. या बंदुकीत बोल्ट पूर्ण मागे जाऊन अडकतो, नळी एकटी पुढे सरकते, तेव्हा रिकामी पुंगळी बाहेर पडते. रबरानं तेवढी जागा खाल्ली होती. बोल्ट अडकायचा नाही, नळीबरोबरच परत पुढे यायचा, आणि पुंगळी चेंबरमध्येच. रानडुकराच्या भीतीनं उसाच्या बांधावर उभा राहिलेला माणूस आणि हातात दुसरा बार न उडणारी बंदूक. जिवावरचं काम आहे हे.

गॅसच्या बंदुकीतही जाडी अशीच नडते. न उडालेलं 70 मिलिमीटरचं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यानं जेमतेम 60 भरतं, पण उडाल्यावर ते उघडून पुरतं 70 होतं. तेवढी पुंगळी बाहेर जायला बोल्टला पूर्ण धाव लागते. "जाड तितकं चांगलं" हे वाक्य लिहिणाऱ्यानं ही पुंगळी कधी मोजलेली नाही.

कुठलंही रबर चालतं म्हणणाऱ्यांनी कपाटातला जुना पीयू तळव्याचा बूट काढून पाहावा. दोन-तीन पावसाळे गेले की तळवा हाताला भुगा होऊन लागतो. तसला भुगा ट्रिगरच्या भागात पडला तर घोडा काय करेल याची खात्री कुणी देऊ नये. आणि बफर बसवायला म्हणून रिसिव्हरला भोक पाडायला कुणी एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे जाऊ नये. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो.

बफर कधी बसवावा? ज्या बंदुकीत तो मुळातच असतो आणि झिजून कडक झालाय, तिथे त्याच मापाचा, त्याच मॉडेलचा नवा. शिराळ्याच्या बंदुकीचं आम्ही तेच केलं. रबर खरवडून काढलं, फुटायला आलेला फायबरचा पॅड परवानाधारक कारागिराकडून बदलून घेतला, नळीवरचं जुनं चिकट तेल पुसलं आणि जड काडतुसांसाठी रिंग फिरवून पुढे लावली. रेंजवर पाच काडतुसं उडवली. पाचही पुंगळ्या उजव्या हाताला, पावलाच्या अंतरावर पडल्या.