बघ्याची भूमिका

बैठकीला पाच मिनिटं उशिरा पोचण्याची शिक्षा किती असावी, याला काही प्रमाण हवं. मी दार ढकलून आत पाऊल टाकलं, तर सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, एखादा शोधनिबंध चुकून छापून आला असेल. खुर्चीत टेकल्यावर शेजारच्या मॅडम हळूच म्हणाल्या, ‘‘अभिनंदन सर! ‘बातम्या आणि कार्यक्रम’ आता तुमच्याकडे.’’

आमचं महाविद्यालय व्यवस्थापन आणि सामाजिक शास्त्रांचं. ही दोन्ही घरं पूर्वी वेगळी होती. विद्यापीठानं त्यांचं लग्न लावून दिलं. तेव्हापासून पाटीवरचा ‘आणि’ तेवढा दोघांना धरून आहे. व्यवस्थापनवाल्यांना आम्ही निरुद्योगी वाटतो आणि आम्हाला ते नको इतके उद्योगी. मी समाजशास्त्र शिकवतो. म्हणजे चार माणसं एकत्र आली की काय होतं, हे मला पुस्तकातून चांगलंच ठाऊक होतं.

माझ्या कारकिर्दीतला पहिला कार्यक्रम म्हणजे सामाजिक मानसशास्त्रावरचं एक व्याख्यान. विषय होता, बघ्याची भूमिका. पाहुणे रंगात आले होते. डार्ली आणि लाताने या दोघांनी 1968 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ते सांगत होते. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावलं आणि मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले 85 टक्के तो आवाज थांबण्याआधी मदतीसाठी धावले. आणखी चौघं ऐकताहेत अशी ज्यांची समजूत होती, त्यांतले धावले फक्त 31 टक्के. ‘‘याचा आलेख पुढच्या स्लाइडवर बघा,’’ असं पाहुणे म्हणाले आणि प्रोजेक्टर बंद पडला.

सभागृह गच्च भरलेलं. मी प्राचार्यांकडे बघितलं, प्राचार्यांनी विभागप्रमुखांकडे, विभागप्रमुखांनी छताकडे. सभागृहाची जबाबदारी असलेले काका दाराबाहेर रिमोट घेऊन बसले होते. आत एवढे प्राध्यापक आहेत, काही लागलं तर हाक मारतीलच, असा त्यांचा हिशोब. कोऱ्या पडद्याकडे आम्ही सगळ्यांनी मिळून अकरा मिनिटं अत्यंत शिस्तीत पाहिलं. शेवटी उशिरा आलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी उठली आणि काकांना बोलावून आली. व्याख्यानाचं पहिलं अक्षरही तिनं ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे तिला हे जमलं असावं.

बातमीत मी लिहिलं, ‘पाहुण्यांनी हा अवघड विषय प्रात्यक्षिकासह स्पष्ट केला.’ प्राचार्यांना ते वाक्य फार आवडलं.

वाक्य आवडलं म्हणून बातमी सुटली असं मात्र नाही. श्रमविभागणीचं महत्त्व पटवताना ॲडम स्मिथनं 1776 साली टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण दिलं होतं. तिथं दहा माणसं कामं वाटून घेऊन दिवसाला 48,000 टाचण्या काढत. आमच्याकडे शंभर शब्दांच्या मजकुरावर नऊ माणसं बसली आणि अकरा दिवसांत एक बातमी निघाली. तिलाही टोक नव्हतं. ‘हजर होते’चं उपप्राचार्यांनी ‘यांची उपस्थिती लाभली’ केलं. त्याचं दुसऱ्या कुणी ‘यांची गौरवशाली उपस्थिती लाभली’ केलं. असं करत करत मूळ वाक्यातलं व्याख्यान हळूहळू मागे सरकलं आणि अकराव्या दिवशी बातमीत सगळे उपस्थित होते, फक्त कशाला आले होते ते कळत नव्हतं.

खरी लढाई छायाचित्राखालच्या ओळीवर झाली. ‘डावीकडून’ म्हणजे कुणाच्या डावीकडून? बघणाऱ्याच्या की उभ्या असलेल्यांच्या? विपणनाचे विभागप्रमुख चित्रात तिसरे होते आणि यादीत पाचवे. ‘‘क्रमवारीतून संदेश जातो,’’ असं ते म्हणाले. विपणन शिकवतात, त्यामुळे खोडून काढणं अवघड होतं. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी अशाच एका समितीची गंमत रचून सांगितली आहे. त्या समितीत अणुभट्टीचा प्रस्ताव अडीच मिनिटांत मंजूर होतो आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद चालतो, कारण शेड सगळ्यांना समजते. आमच्या त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर सभागृहाची यंत्रणा बदलण्याचाही विषय होता. तो अर्ध्या मिनिटात पुढच्या बैठकीकडे ढकलला. ‘डावीकडून’ चाळीस मिनिटं चाललं.

तेवढ्यात मूल्यांकन समिती येणार असं कळलं आणि फर्मान सुटलं, महिन्याला आठ बातम्या झाल्याच पाहिजेत. महिन्यात कार्यक्रम होतात दोन. मी काही मुळात लबाड नाही, पण प्रत्येक कार्यक्रमाच्या चार बातम्या होतात हे माझ्या लगेच लक्षात आलं. व्याख्यान होणार, व्याख्यानाची तयारी पूर्ण, व्याख्यान उत्साहात संपन्न, व्याख्यात्यांचे आभार. दोन चोक आठ. उत्साह कधीही कमी पडला नाही; तो मी आदल्या दिवशीच लिहून ठेवत असे.

यावर अर्थशास्त्राचे एक सहकारी कुत्सितपणे हसून म्हणाले, ‘‘हा गुडहार्टचा नियम झाला. मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप कामाचं राहत नाही. 1975, आमचा माणूस.’’ मानववंशशास्त्राच्या मॅडम तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘गुडहार्ट चलनविषयक धोरणाबद्दल बोलत होते. तुम्ही आत्ता म्हणालात ते शब्द मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांचे, 1997 मधले. तेही विद्यापीठांच्या मूल्यमापनाविषयीचे. त्या मानववंशशास्त्रज्ञ. आमच्या.’’ नियम कुणाचा यावर मग जी जुंपली, तिच्यात नियम काय सांगतो हे दोघंही विसरले. तडजोड म्हणून प्राचार्यांनी या नियमावर संयुक्त चर्चासत्र जाहीर केलं. मी वहीत नोंद केली : चार बातम्या.

चर्चासत्राला सभागृह पुन्हा गच्च. मूल्यांकन समितीचे सदस्य पहिल्या रांगेत. अर्थशास्त्रवाले बोलायला उभे राहिले, त्यांनी तोंड उघडलं आणि माइक गेला. त्यांचे ओठ हलत राहिले. सगळं सभागृह मान तिरकी करून ऐकत असल्यासारखं दाखवू लागलं.

मला आकडे तोंडपाठ होते. 85 आणि 31. दार माझ्या खुर्चीपासून सहा पावलांवर होतं आणि काका दाराबाहेर होते, हेही मला माहीत होतं. मी शेजारच्या मॅडमकडे बघितलं. त्यांनी विभागप्रमुखांकडे. मी उठणारच होतो, पण बातम्यांचं काम माझ्याकडे. मी बाहेर गेलो आणि नेमकं तेवढ्यात आत काही घडलं तर? मी वही उघडली आणि लिहायला घेतलं, ‘वक्त्यांनी हा अवघड विषय प्रात्यक्षिकासह...’

मागे कुठे ती पहिल्या वर्षाची मुलगी आली आहे का, ते तेवढं मान वळवून बघून घेतलं.