'मेल तुंबला की कोअर वाढवा' : एका सल्ल्याची तपासणी

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो : 'पोस्टफिक्स मंदावला की लोड ॲव्हरेज पाहा, कोअर आणि रॅम वाढवा, प्रोसेस लिमिट 100 वरून 500 करा आणि रांग फ्लश करा.' (पोस्टफिक्स हा मेल घेणारा आणि पुढे पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम; लोड ॲव्हरेज म्हणजे चालू असलेल्या वा ताटकळणाऱ्या प्रोसेसची सरासरी संख्या; प्रोसेस लिमिट म्हणजे एका वेळी किती प्रोसेस चालू द्यायच्या याची मर्यादा; आणि रांग फ्लश करणे म्हणजे अडलेला सगळा मेल लगेच पुन्हा पाठवायला लावणे.) रात्री फोन वाजू लागले की हा उपाय सोपा वाटतो, हे मान्य. पण मेल नेमका कुठे अडला आहे, हे त्यातून कळतच नाही.

लोड वाढला म्हणजे सीपीयू कमी पडला, हे गृहीतकच लिनक्सवर टिकत नाही, कारण डिस्कसाठी ताटकळणाऱ्या 'डी' अवस्थेतल्या प्रोसेसही त्या आकड्यात धरल्या जातात. पोस्टफिक्स आलेला मेल डिस्कवर उतरवल्याशिवाय पाठवणाऱ्याला '250', म्हणजे 'मेल स्वीकारला', हे उत्तर देत नाही. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120च फेरे घेते, म्हणजे मेल उतरवण्याचा वेगही त्यातच बांधला जातो. तिच्यापुढे कोअर चार असोत वा चौसष्ट, फरक पडत नाही. आयओस्टॅट या डिस्कचे काम दाखवणाऱ्या साधनात डिस्क सतत कामात गुंतलेली दिसली, तर स्पूल, म्हणजे रांगेतला मेल साठवण्याची जागा, एसएसडीवर हलवणे हा खरा उपाय आहे.

प्रोसेस लिमिटचा मुद्दा सरसकट खोडून काढता येत नाही, मात्र त्याचे उत्तर लॉगमध्येच असते. 'डिलेज=0.3/0.02/31/0.5' अशी नोंद उदाहरणादाखल पाहा; आकडे सेकंदांत आहेत. पहिला आकडा मेल आल्यापासून सक्रिय रांगेत (आत्ता पाठवायला घेतलेल्या मेलच्या रांगेत) शेवटचा दाखल होईपर्यंतचा, दुसरा त्या रांगेतला, तिसरा डीएनएस (पत्ता शोधणे), जोडणी आणि टीएलएस (ती जोडणी सुरक्षित करणे) यांचा, तर चौथा प्रत्यक्ष मेल पाठवण्याचा वेळ असतो. तिसऱ्या जागी 31 दिसले, की समोरचा पहिला एमएक्स, म्हणजे त्या डोमेनचा मेल घेणारा सर्व्हर, उत्तर देत नसावा आणि 30 सेकंदांची मुदत संपल्यावर मेल दुसऱ्याकडे गेला असावा, अशी शंका प्रथम घ्यावी. एवढा वेळ ती प्रोसेस नुसती बसून असते, म्हणून इथे लिमिट वाढवणे रास्त ठरते. पण मेल मागच्या स्पॅम फिल्टरपाशी अडला असेल आणि फिल्टरच्याही प्रोसेस त्याच हिशेबाने वाढवल्या, तर रॅम संपून सर्व्हर स्वॅपमध्ये जातो, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरू लागतो, आणि जे धिम्या गतीने चालले होते तेही थांबते.

फ्लश करण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. अडलेल्या मेलचा पुढचा प्रयत्न पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार 300 ते 4000 सेकंदांच्या अंतराने करतो, आणि ते अंतर मुद्दाम ठेवलेले आहे. वारंवार फ्लश केल्यास बंद पडलेल्या डोमेनचे हजारो मेल एकदम सक्रिय रांगेत येतात. तिची मर्यादा 20,000 असल्यामुळे ती भरली की आत्ताच आलेल्या, सहज पोचू शकणाऱ्या मेललाही बाहेर थांबावे लागते. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या दस्तऐवजातही याबद्दल इशारा आहे. त्याऐवजी क्यूशेप हे रांगेतला मेल डोमेननिहाय मोजणारे साधन चालवून 'डिफर्ड' (अडलेल्या मेलच्या) रांगेतली कोणती डोमेन फुगली आहेत ते पाहावे आणि त्यांच्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्ट, म्हणजे मेल पाठवण्याचा वेगळा मार्ग, लावून द्यावा, म्हणजे बाकीच्यांचा मेल त्यांच्यामागे अडकत नाही.